परतीचा एक दिवस

आइमो रेपोनेन पुस्तकाचा आधी नकाशा वाचत.
पस्तीस वर्षं जमीन-मोजणी खात्यात,
गुडघाभर दलदलीत उभं राहून
फिनलंडच्या पूर्वेकडची तळी मोजलेला माणूस.
राजपुत्र, शाप, बोलणारे लांडगे, सगळं मागून.
आधी पहिलं पान, भिंग आणि फूटपट्टी.

आमच्या त्रैमासिकाचे वर्गणीदार साडेतीनशे,
त्यांतले निम्मे आइमोंसाठी पैसे भरायचे.
परीक्षण पोस्टकार्डावर यायचं,
योएन्सूचा शिक्का, टोकदार पेन्सिल:

"या राज्यातली नदी डोंगर चढते.
जादू असेल तर तसं लिहा. नसेल तर माफी मागा."

"तीन प्रस्तावना, दोन वंशावळी. नमनालाच घडाभर तेल,
आणि दिवा पान चारशेपर्यंत लागत नाही."

"मंगळावरची वसाहत छान. सांडपाणी जातं कुठे?"

"ड्रॅगन आवडला. त्याला रोज सहा गायी लागतात
आणि अख्ख्या खोऱ्यात कुरण एक.
पुढच्या भागात दुष्काळ नसेल तर मला पाठवू नका."

लेखक चिडायचे. एकाने लिहिलं,
म्हाताऱ्याला कल्पनेचंच वावडं आहे.
ते पत्र मी आइमोंना धाडलं. उलट टपाली उत्तर:
"खोटं बोलायला माझी हरकत नाही.
पण खोट्यालाही उतार असतो,
पाणी त्याच बाजूने गेलं पाहिजे."

मग त्या नोव्हेंबरात,
साडेतीनला दिवे लावायच्या दिवसांत,
मी त्यांना केमीच्या एका नर्सची पहिली कादंबरी पाठवली.
मुखपृष्ठ भयाण. जांभळा चंद्र, त्याहून जांभळी तलवार.
आत नकाशाच नव्हता.

दोन आठवडे गेले. पाच.
अंक छापायला निघाला, त्यांच्या जागेत मी
माझ्या भावाच्या सायकल-दुकानाची जाहिरात टाकली.
फोन केला तर म्हणाले, "मोजणी चालू आहे."

ओळीओळीतून अंतरं वेचत बसले होते.
मिठाच्या घाटापासून घुबडांच्या मठापर्यंत दोन दिवस,
मठापासून चेटकिणींचा बाजार, घोड्यावरून, अर्धा.
सगळं जुळतंय, म्हणाले, पोरगी पक्की आहे.
चूक एकच.
गाव सोडताना जी वाट चार दिवसांची
ती परतताना पाच दिवसांची होते.
दर वेळी. सात माणसं, सात फेऱ्या.
तोच रस्ता, तीच घोडी, आभाळ स्वच्छ.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणाले.
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.

मग हवापाणी सांगावं तसं सांगितलं:
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात मी सात वर्षांचा.
गाय हाकत पश्चिमेला आलो, चार दिवस.
मागे सरहद्द येऊन बसली.
मोठा झाल्यावर त्याच भागाचे नकाशे काढले, आपल्या बाजूचे.
पलीकडे कागद कोरा सोडायचा, असा नियम होता.
ब्याण्णवला बस सुरू झाली. तीन तासांची वाट.

"गेलात?"

"गेलो. चुलीचं धुराडं उभं होतं, घराच्या जागी बर्च.
एक दिवस कमी पडला."

जानेवारीत जाड लिफाफा आला.
परीक्षण नाही, तारे नाहीत.
हाताने काढलेला तिच्या राज्याचा नकाशा,
तपकिरी शाईतल्या समोच्च रेषा,
आणि एका रस्त्याच्या जागी दोन:
एक जाण्याचा, एक येण्याचा, किंचित लांब.
कोपऱ्यात बारीक: "दुरुस्ती नको."

दोन पानं जोडून छापला. छापखानेवाला कुरकुरला.
एका वर्गणीदाराने विचारलं, मग पुस्तक घ्यायचं की नाही?

नर्सचा फोन आला रात्रपाळी संपवून, आवाज दमलेला.
सगळं बरोबर आहे, म्हणाली, माझ्याहून बरोबर.
पण गावामागच्या ओढ्याचं नाव त्यांना कुठे मिळालं?
माझ्या पुस्तकात ओढा नाही.

आइमोंना मी विचारलं नाही.
भिंग काढलं, पान दिव्याखाली धरलं.
ओढा उताराकडेच जात होता.